मातीच्या वेळी बोलायचं राहिलं

आई, आज चर्चच्या उपासनेत पुन्हा मला शास्त्रवाचन करायला सांगितलं आणि मी घसा बसलाय असं सांगून सुटका करून घेतली. घसा ठणठणीत आहे. आमच्या मंडळीत आता बायका उपदेशसुद्धा करतात, तुला खरं वाटणार नाही. मी मात्र मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसते. नवऱ्याला ही धास्ती सांगितली तर म्हणतो, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय दाखवू? जीव नकोसा झालाय, म्हणून तुला लिहिते आहे.

वरसे गावातली ती उपासनेची भाड्याची खोली आठवते ना? सात-आठ घरांची आपली मंडळी, सगळे पुरुष कंपनीत शिफ्ट करणारे. उपदेश करायला पाळक पेणहून यायचे, आणि गणपतीच्या तोंडावर मूर्ती घेऊन निघालेल्या लोकांनी एसटी भरली की त्यांना चढायलाच मिळायचं नाही. मग उपदेश तू लिहायचीस, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, आणि वाचायचे बाबा. टेबलामागे पुरुषानेच उभं राहायचं, हा नियम. अक्षर तुझं, अक्कल तुझी, फक्त आवाज बाबांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा तू कडेला 'इथे थांबा, पाणी प्या' असं लिहिलंस, तर बाबांनी तेही गंभीरपणे वाचलं आणि दोघंतिघं खरंच उठून माठाकडे गेले. तू पदरात तोंड लपवून हसत होतीस.

मी कॉलेजात असतानाचा तो रविवार. बाबांना फर्स्ट शिफ्ट लागलेली, म्हणून मंडळीच्या पंचांमधले सर्वांत मोठे काका तुझी पानं वाचतायत. येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला. त्यांच्या हातून दोन पानं एकदम उलटली जातात आणि मेंढरू सापडायच्या आधीच आनंदोत्सव सुरू होतो. सतरंजीवरून तू हळूच म्हणतेस, "काका, मधलं पान ऱ्हायलं." ते कागद चाळत बसतात, काही सापडत नाही. मग तू उठून उभी राहतेस आणि ते सगळं पान तोंडपाठ सांगतेस. इतकं चांगलं बोलणं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. काका टेबलावर हात आपटतात. "बाई, खाली बसा. मंडळीत बाईमानसानं गप ऱ्हावं, ठाव नाय का तुमाला?"

"तुमी वाचताय ते पन मीच लिवलंय, काका," तू म्हणालीस आणि बसलीस.

पुढच्या रविवारी पाळकांनी तुला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्यानंतर तुझ्याकडून कुणी उपदेश लिहूनही घेतला नाही. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती आई, उगाच कशाला उठलीस असं वाटलं होतं. माफी मागून आलीस त्या दिवशी भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "माज्या मातीला तू बोल गो. तवा मला कोन खाली बसवनार हाय?" मी म्हटलं, काहीतरीच काय. तू हातातली भाकरी तशीच धरून राहिलीस. "व्हय म्हन." मी व्हय म्हटलं.

तीनच वर्षांत तू गेलीस. रोह्याच्या त्या कब्रस्तानात तेच काका पुढे झाले आणि म्हणाले, "आपली बहीण फार शांत. कधी वर तोंड करून बोलली नाही." मी तिथेच उभी होते. तुझ्याबद्दल काय काय सांगायचं ते रात्रंदिवस घोकून पाठ केलं होतं. मग सगळ्यांनी माती टाकली, मीही टाकली.

गेली इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की त्या लोकांनी मला बोलू दिलं नाही. माझी मुलगी अजून त्या काकांच्या नावाने बोटं मोडते, आणि मी तिला मोडू देते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. कुणी अडवलं नव्हतं. काकांचं झाल्यावर पाळकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मुली, आईबद्दल तुला काही बोलायचंय?" काका स्वतः बाजूला सरकले. सगळे माझ्यासाठी थांबले होते, आई. मी नाही म्हणाले.