सुगीच्या पेटीतली बाई

नेदर कोम्ब,
१७ ऑक्टोबर १९५५

प्रिय लव्हिनियाताईस धाकट्या हेस्टरचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे.

देवाच्या दयेने इकडे आम्ही धडधाकट आहोत, तशीच तूही असशील. तुझा गुडघा कसा आहे? ब्रिस्टलची हवा दमट, त्यात तुझा तो जिना. मी पाठवलेली लोकरीची पट्टी बांधतेस ना? (ह्यांच्या जुन्या मोज्याची असली तरी ऊब तीच.) आईच्या कोटाविषयी मी या पत्रात एक अक्षर काढणार नाही. चार वर्षं झाली, तो तुझ्याकडे आहे, तुला शोभतो, संपला विषय.

पत्रास कारण की आपल्या वरच्या शेतातलं टेकाड गेलं. तेच, 'बाईचं टेकाड'. कुठल्या बाईचं ते आजोबांनासुद्धा ठाऊक नव्हतं. ईस्टरला आपण त्याच्या उतारावरून उकडलेली अंडी घरंगळत सोडायचो आणि अंड्यांपाठोपाठ स्वतःही, एवढंच आपल्याला त्याचं माहात्म्य. दरवर्षी नांगर त्याचा एकेक घास घेत होता. या ऑगस्टात ह्यांच्या नांगराला मोठी शिळा लागली आणि शिळेखाली पोकळी. ह्यांनी (आल्फ्रेडचा स्वभाव तू जाणतेस, आठवड्यात सात वाक्यं, त्यांतली चार घोडीशी) टोपी काढली, घरी आले आणि म्हणाले, "टेकाडात खरंच बाई आहे."

जिल्ह्याच्या संग्रहालयातून डनिंगसाहेब आले. तरुण, सडपातळ, चहात चार चमचे साखर (रेशन उठून दोन वर्षं झाली म्हणून काय झालं?), पण हात मात्र सुईणीचे. महिनाभर गुडघ्यांवर बसून त्यांनी ब्रशाने आणि चमच्याने माती दूर केली. ताई, ती कुशीवर निजलेली होती. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. थंडीत आपण दोघी एका पांघरुणात निजायचो ना, अगदी तशी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, असं साहेब म्हणाले. म्हणजे आपल्या प्रभूच्या जन्माआधी कितीतरी, कदाचित मोशेच्याही आधीची. गळ्यात काळ्या मण्यांची माळ. मणी एकतीस, पण साहेबांच्या मते बत्तीस हवेत, कारण डाव्या बाजूला एकाची जागा रिकामी होती. त्या एका मण्यासाठी त्यांनी तीन दिवस माती चाळली, तीही माझ्या पिठाच्या चाळणीने. (चाळणी मी सोड्याने धुतली. त्यानंतरच्या केकबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही.)

मी विचारलं, "आता हिचं काय करणार?"

"नंबर घालून कपाटात ठेवू, मिसेस पॉबजॉय. तिथे अगदी कोरडी राहील."

मला ते काही केल्या पटेना. आपल्या शेतातली बाई, आपण तिच्या छपरावर लोळलेलो, आणि ती परक्या गावात नंबराखाली? शेवटच्या न्यायाच्या दिवशी कर्णा वाजला आणि सारे मेलेले उठले, की कपाटातून कशी उठायची ती? शेत आपलं, म्हणून कागदावर सही ह्यांची हवी होती. ह्यांनी सही केली की ती गेली, नाही केली तर राहिली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बघू."

अशात चर्चमधला सुगीचा रविवार आला. आदल्या दिवशी पाऊस मुसळधार, साहेबांची गाडी चिखलात रुतून बसली. त्यांनी अस्थी आपल्याच सफरचंदांच्या पेटीत पेंढा घालून बांधल्या, पेटी चर्चच्या पडवीत कोरड्या जागी ठेवली, माळ कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि बस पकडून गेले, मंगळवारी दुसरी गाडी घेऊन येतो म्हणून. मला कुणी काही सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे सुगीच्या दानाची यादी करत होते. कुणाची गाजरं, कुणाचे कांदे, कुणाचा मध. पडवीत पेटी दिसली. दुसऱ्याचं दान उघडून बघायची आईची शिकवण नाही, म्हणून वरचा पेंढा पाहून यादीत लिहिलं, "एक पेटी, बहुधा अंडी, देणाऱ्याने नाव कळवले नाही." अंडी नाजूक, म्हणून ह्याच दोन हातांनी ती वेदीच्या पायरीशी मानाच्या जागी ठेवली. एका बाजूला ह्यांचा दुधी भोपळा, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव.

रविवारी धर्मगुरू प्रायरसाहेबांनी हात पसरून, या भूमीने आमच्या हाती जे सोपवलं त्या सर्वांवर देवाची कृपा असो, असा आशीर्वाद दिला. सारं गाव उभं राहून गायलं. (साडेतीन हजार वर्षांत तिच्यासाठी कुणी गायलं नसेल, आणि आम्ही गायलो ते अंडी समजून.) सोमवारी रिवाजाप्रमाणे दान म्हाताऱ्याकोताऱ्यांत वाटलं. अंड्यांची पेटी गेली एबेनेझर कूम्बकडे. वय एक्याण्णव, पाय गेलेले, जीभ शाबूत.

मंगळवारी डनिंगसाहेब आले आणि पडवी रिकामी पाहून खडूसारखे पांढरे पडले. मी यादी उघडली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. आम्ही दोघं पळत एबेनेझरकडे. तो अंथरुणावर बसलेला, उशाशी स्टुलावर पेटी, पेंढा नीट बाजूला सारलेला, वर त्याचा स्वतःचा मफलर पांघरलेला.

"ये हेस्टर," म्हातारा म्हणाला, "यंदाची अंडी जरा शिळी निघाली."

"आजोबा, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" साहेबांना धाप लागली होती.

"कशाला सांगू? कालपासून तिच्याशी बोलतोय. माझी बायको मध्येच बोलायची, ही शेवटपर्यंत ऐकून घेते. घेऊन कुठे चाललात हिला?"

"संग्रहालयात."

"आणि तिचं गाव?" एबेनेझरने विचारलं. "हे बघ पोरा, मी पुढल्या वर्षी चर्चच्या अंगणात मातीत जायचाय. हिला तिथेच ठेवा. शेजार ओळखीचा बरा."

साहेबांनी मफलर काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मी तशीच प्रायरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी दफनाची प्रार्थना पुस्तकात नाही. मी म्हटलं, प्रभूच्या कितीतरी आधीच्या अब्राहामाचा बाप्तिस्मा कुणी केला होता? त्यांनी चष्मा पुसला. मग मी विचारलं, रविवारी वेदीसमोर तुम्ही तिला आशीर्वाद देऊन बसलात, तो आता परत घेता येतो का? (मी उद्धटपणे विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं.) तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकात नाही, तर एखादं स्तोत्र वाचू."

राहता राहिली सही. साहेबांनी कागद आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, ह्यांनी पेन घेतलं आणि सबंध कागद दोनदा वाचला. मग 'अस्थी' या शब्दावर सरळ रेघ मारली, 'माळ' तेवढी ठेवली आणि सही केली. म्हणाले, "माझ्या नांगराने उठवलं तिला. मीच निजवतो." ताई, एका दमात दोन वाक्यं! बरणीतला मुरंबा काढायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली.

तेव्हा ठरलं असं की बुधवारी, दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, तिचं दफन. साहेबही येणार आहेत. माणूस भला आहे. निघताना त्यांनी सहज विचारलं, पूर्वी या टेकाडावर कुणाला असा मणी सापडल्याचं ऐकलंय का? मी म्हटलं, पोरं काय काय उचलून नेतात, त्याचा हिशेब कोण ठेवणार? हे खोटं नाही, असं मी देवाला दोनदा सांगितलं आहे.

गुडघ्याला जप.

तुझी,
हेस्टर

ता. क. कोटाविषयी लिहिणार नाही म्हटलं होतं, बटणाविषयी म्हटलं नव्हतं. वरून तिसरं. काळं, बाकीच्यांहून जाड, आरपार भोक असलेलं. मी सातची होते, तू दहाची. अंड्यामागून घरंगळत खाली आलीस तेव्हा तुझ्या मुठीत होतं. आईने ते बटणांच्या डब्यात टाकलं आणि पुढे कोटाचं बटण हरवलं तेव्हा नवं कशाला म्हणून तेच शिवलं. डनिंगसाहेबांनी ती माळ टेबलावर मांडली तेव्हा मला चहाची किटली खाली ठेवावी लागली.

संग्रहालयाच्या यादीत एकतीस मणी आहेत, खाली साहेबांची सही आहे. बत्तिसावा कुणाच्याच यादीत नाही. तो तिच्या मुठीत ठेवावा असं मनात आहे. ह्यांना सांगितलं. 'बघू' म्हणाले नाहीत. 'पत्र टाक' म्हणाले.

ता. ता. क. टपालाचा भरवसा नाही. बुधवारी सकाळच्या बसने तूच घेऊन ये. कोट अंगात घालून ये, म्हणजे वाटेत पडायचं नाही. जुळणारं बटण मी डब्यातून काढून ठेवलं आहे, इथेच शिवून देईन. कोट तुझाच.