मुलाला संचालकपदातून मोकळं करण्याबाबत

मी, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली रसायनशास्त्रज्ञ, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असताना राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही, असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं. मनावर आहे, ते पुढे येईलच.

१. राहतं घर मुलाचं आणि सुनेचं, निम्मं निम्मं. सुनेचा हिस्सा ही मेहेरबानी समजू नये. कंपनीत पगार निघत नव्हते तेव्हा हे घर तिच्या शिकवण्यांवर चाललं आणि तिने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. बँकेतली ठेवही तिचीच.

२. कंपनीबद्दल. जखमेला न चिकटणारी पट्टी मी संस्थेत, म्हणजे लोकांच्या पैशावर, तयार केली. असे शोध कपाटात पडून राहू नयेत, बाजारात जावेत, म्हणून सरकारने अनुदान काढलं. अट अशी की कंपनीचा संचालक सरकारी पगारदार नको. मी पगारदार. घरात बिनपगारी कोण, तर मुलगा. सुतारकाम शिकून नुकताच भाड्याने दुकान बघून आलेला. "नुसतं नाव लागतंय रे, पहिला हप्ता आला की दुसरा माणूस बघू," मी म्हटलं. त्याने सही केली. दुसरा माणूस मी कधी शोधलाच नाही. घरचा माणूस आयता मिळाल्यावर कोण शोधतंय! पट्टी कुणाला चिकटली नाही, कंपनी मात्र पोराला चिकटली. दवाखान्यांचे उंबरे झिजवता झिजवता त्याचे केस पिकले. सुताराचे हात ते, निविदा भरताना मला बघवत नाहीत. मी त्याची अपराधी आहे.

म्हणून माझे सगळे शेअर पट्ट्या बनवणाऱ्या कामगार बायकांना सारखे वाटून द्यावेत. मुलाला एकही नाही. मी गेल्यावर महिन्याभरात त्याने संचालकपद सोडावं, तरच घराचा हिस्सा त्याचा. नाहीतर तोही सुनेचा. मग बसा तिच्या घरात भाडेकरू म्हणून.

३. कारखान्यात पट्ट्या वाळवायचं लांब टेबल त्याने स्वतःच्या दुकानासाठी केलं होतं. ते त्याला परत द्यावं. रंधा आणि पटाशा माझ्या पलंगाखाली आहेत. दरवर्षी तेल लावलंय, गंज चढू दिला नाही.

४. अनुदान समितीच्या अध्यक्षसाहेबांनी मला भर बैठकीत "बाई, धंदा म्हणजे चुलीवरची भाजी नव्हे" असं ऐकवलं होतं. त्यांना पट्ट्यांचा एक खोका पाठवावा. टपालखर्च त्यांनी भरावा.

५. दुसरं कलम लिहिल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा मी त्याला न विचारताच त्याचं ठरवते आहे. तेव्हा नाव घातलं, आता काढते. तुला काय हवंय बाबा, हे काही विचारलं नाही. कलम खोडायला पेन टेकवलं, तेवढ्यात तोच खोलीत आला. कंपनीचा कागद समजून त्याने खिशातलं पेन काढलं.

"आई, सही कुठे करू?"

"आधी वाच तरी."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात!"

तुझी सही नको, जा, म्हटलं. तो गेल्यावर मी खूप रडले. कलम खोडलेलं नाही. अट कायम आहे.

ठिकाण : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर
लिहून ठेवणार : (सही)

आमच्यासमोर सही केली, बाई शुद्धीत होत्या :
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. संस्थेचे निवृत्त ग्रंथपाल (सही)