सुनंदाबाईंची जागा

३ जानेवारी १९९४, देवपूर, धुळे
आलो बुवा एकदाचा! नशिराबादेत पंखे आणि रेडिओ दुरुस्त करणारा निंबा आजपासून मोतीलालनानांच्या कॉम्प्युटर क्लासचा सर. मागची खोली राहायला, शिवाय मराठी टंकता येईल असं कार्ड घातलेलं हे मशीन. नाना म्हणाले, आधीच्या बाई सोडून गेल्या, त्यांचं सगळं खोडून टाकलंय, मशीन अगदी कोरं आहे. कोरं म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. आता रोजनिशी इथंच टंकणार. सातवीपुढे शिकलो नाही, पण कान तयार आहेत. डिस्क वाचायला लागली की मोहरीसारखी तडतडते. लिहायला लागली की जात्यासारखी घरघरते. नुसत्या आवाजावरून मी मशीनची तब्येत सांगतो.

७ जानेवारी
रोज चार-चार पानं होतायत, व्यसनच लागलं. कोपऱ्यावरच्या खानावळीची शेवभाजी अशी जहाल की कानांतून धूर निघतो. पोरं माझ्या इंग्रजीला हसतात, मीही हसतो. कुंदाचं पत्र आलं. लेक सहामाहीत पहिली आली. पोरगी संक्रांतीला आईसोबत इथं येते म्हणते.

१० जानेवारी (वहीत)
सकाळी क्लासच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली. झुंबरबाई. आधीच्या सुनंदाबाईंची आई. बाई सोडून गेल्याच नव्हत्या. दिवाळीनंतर पांझरा नदीच्या पुलाखाली मेलेल्या सापडल्या. आदल्या दिवशी आईला म्हणाल्या होत्या, माझ्या मागावर कोण आहे ते मशीनमध्ये लिहून ठेवलंय. म्हातारीनं माझा हात धरला, मशीनमध्ये पोरीचं काही उरलं असेल तर मागितलं. "मनी पोरनं काही ऱ्हायनं व्हई त्या डबामा, तर काढी दे भाऊ."
मी ऐटीत सांगितलं, अक्का, खोडलेली फाईल जात नाही. दारावरची पाटी तेवढी काढतात, माणूस आतच असतो. दुसरा कुणी येऊन त्या जागेत राहीपर्यंत.
बोललो आणि स्वतःचंच ऐकलं. आठ दिवस तिथं राहतोय कोण? मीच. म्हणून आजपासून वही.

११ जानेवारी
नाना जळगावला गेलेत. सुनंदाबाईंची खोडलेली फाईल परत आणली. तीन पानं.
'आई, मी पोलिसात गेले तर नोकरी जाईल असं तो कोपऱ्यावरच्या खानावळीची शेवभाजी अशी जहाल की'
बाईच्या तोंडात मी माझी शेवभाजी कोंबली आहे. दुसऱ्या पानावर माझी बायको, तिचा दमा, तिचं औषध. तिसऱ्यावर, जिथं नाव असायला हवं तिथं:
'रोज पुलापर्यंत मागे येणारा माणूस म्हणजे कुंदाचं पत्र आलं. लेक सहामाहीत पहिली आली.'
झुंबरबाईंना काय दाखवू?

१२ जानेवारी
दुपारी वीज गेली. पंखा बंद, पडदा काळा. तरी डिस्कचं जातं फिरतंय. घरघर, घरघर. वाचत नाही, लिहितंय.
वीज आली. पहिलं पान स्वच्छ, सगळं बाईंचं. जेवायला निघालो, पण कुठं जेवतो ते आठवेना. मागची पानं चाळली, शेवभाजी वाचली. तोंडाला चवच नाही.

१३ जानेवारी
दुसरं पान स्वच्छ. बायकोचं नाव — या वहीत कुठंच नाही. लिहायला हवं होतं —
नाना परत आले. मला मशीनवर वाकलेलं पाहून ओरडले, रेडिओवाल्या, तुला शिकवायला ठेवलं की उकरायला? आत्ताच्या आत्ता डिस्क पुसून टाक. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला.
बाईंचं पान स्वच्छ होतं तसं माझ्यातलं पुसलं जातंय; डिस्कच पुसली तर मी वाचतो. कुंदा वाचते. झुंबरबाई पायरीवर बसून आहेत. तरी पुसायची कळ दाबली. हो, दाबली मी.
पुसलं काहीच गेलं नाही, पडद्यावर एवढंच आलं — 'माझ्या जागेवरून उठा, निंबाभाऊ.'
सुनंदाबाई, बाकी सगळं घ्या. लेकीची ती एक ओळ —
जातं फिरतंय.

१४ जानेवारी
प्रिंटर आपोआप सुरू. तिसरं पान. झुंबरबाई आत आल्या. "नाव वाच ना भाऊ." वाचलं. म्हातारी वळली. नानांच्या खोलीकडे बघत राहिली. आतून कडी लागल्याचा आवाज —
दारात एक बाई आली आहे. दमलेली, छातीत घरघर. सोबत लहान मुलगी, हातात तिळगुळाचा डबा. मला बाबा म्हणते. वहीत कुंदा असं नाव दोनदा आहे. अक्षर माझं —
ती रडते आहे. विचारलं, बाळ, तू कुणाची —