चिडकली

जामनेर,
श्रावण वद्य चतुर्थी

प्रिय तारा,

अनेक आशीर्वाद. राखीला धुळ्याला येऊन गेलो त्याला आठवडासुद्धा झाला नाही, आणि हे पाकीट बघून तू म्हणशील, भाईजींच्या फोनला काय धाड भरली? फोन केलाही असता, पण तू तो उचलतेस आणि लगेच स्पीकरवर टाकतेस. मग माझं बोलणं तुझ्या सुना, गिऱ्हाइकं आणि भांडी घासणारी बाई असे सगळे मिळून ऐकतात आणि मधूनमधून सल्लेही देतात. हे पत्र तू एकटीने वाच. आपण घरात मारवाडी बोललो तरी पत्र लिहायला शाळेत मराठीतच शिकलो, त्यामुळे मनातलं कागदावर उतरवायचं म्हटलं की मला अजून मराठीच सुचते. लिहायचं आहे ते तुझ्या अठाईबद्दल. पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहणार आहेस, पारण्याच्या पत्रिकासुद्धा छापून झाल्या. तुझ्या तपाची मला मनापासून अनुमोदना आहे. पण त्याआधी माझ्या काळजाची सगळी कथा तुला ऐकावी लागेल. तुला आम्ही आजवर अर्धीच सांगितली.

बापूजींची चिडकली तुला आठवते ना? दुकानात कापड मोजता मोजता ते मध्येच गज खाली ठेवायचे, छातीवर हात ठेवून म्हणायचे, "ठहर, चिड़कली आई है." आपल्याला वाटायचं, खरोखरच त्यांच्या सदऱ्यात चिमणी शिरली आहे. तू तर एकदा त्यांच्या खिशात बाजरीचे दाणे टाकले होतेस. ते हसायचे, थोडा वेळ बसायचे, चिडकली उडून जायची आणि गज पुन्हा हातात यायचा. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण दुखत काहीच नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी जळगावला कोण जाणार?

तीच चिडकली दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या छातीत येऊन बसली. पहाटे जाग यायची ती तिच्या फडफडीनेच. मला भीती वाटायच्या आधी कुतूहल वाटलं, आता हसू नकोस. लहानपणी दुकानातलं घड्याळ आत कोण टकटक करतं ते बघायला मी उघडलं होतं आणि मार तू खाल्ला होतास, तोच मी. मनगटावर बोटं ठेवून पाहिलं तर नाडीला ताल म्हणून नव्हता. दोन ठोके घाईने, एक उशिरा, एक गायबच. चुडामण पाटलाला दाखवली. पहूरचा आपला केळीवाला, मूळचा साक्रीकडचा, अजून अस्सल अहिराणीतच बोलतो. त्याने बराच वेळ माझा हात धरून ठेवला आणि निदान केलं, "शेट, तुमनं काळीज बिघडेल नही, रुसेल शे." जळगावच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि त्याच रुसव्याचं लांबलचक नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. काळजाचे वरचे कप्पे ठोका द्यायचा सोडून थरथरत बसतात. थरथरीने माणूस मरत नाही, पण आत रक्त तुंबतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळी आणि संध्याकाळी, कधीही न चुकवता. लकवा हा शब्द ऐकल्यावर मला काय आठवलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

मग मी शोधाला लागलो की ही बया येते तरी कशाने. आधी चहावर संशय घेतला. चहा सोडला तर डोकं दुखलं, चिडकली होती तिथेच. मग भरताच्या वांग्यावर, मग शेजारच्या बँडवाल्याच्या तालमीवर. रूपलने, म्हणजे तुझ्या भाचेसुनेने, मोबाइलवर वाचून बाटल्या मागवल्या. एकीत मॅग्नेशियम आणि दुसरीत काळजाला चांगल्या म्हणे अशा सोनेरी गोळ्या. आत काय असेल या उत्सुकतेने मी एक सुईने फोडली, आणि तारा, काय सांगू, स्वयंपाकघरात मासळीबाजार भरला! माशाचं तेल निघालं. तुझ्या भाभीने आधी ओटा धुतला, मग मला धुतलं. रूपल बिचारी रडायला लागली, बारीक अक्षरं तिने वाचलीच नव्हती. पुढे डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं फोडलीत. धर्माचं तुम्ही बघा, पण जास्त घेतलं तर काही लोकांत याच तेलाने हा त्रास वाढल्याचंही दिसलंय. मॅग्नेशियमचं म्हणाले, रक्त तपासून कमी असेल तरच देईन, नाहीतर तीळ, मूग, बदाम, बाजरी तुमच्या घरात आहेच की. चुडामणने केळ्याचा अख्खा घड आणून टाकला होता, कारण केळं काळजाला चांगलं हे त्यानेही ऐकलं होतं. तिथेही डॉक्टरांनी हात आडवा धरला. तुमच्या बीपीच्या गोळीने पोटॅशियम आधीच वाढतं आणि केळ्यातही तेच, रोज एखादं खा, घड संपवायला निघू नका. बाजारातली अर्जुनसाल तर मला विचारल्याशिवाय रक्ताच्या गोळीबरोबर मुळीच घ्यायची नाही म्हणाले. थोडक्यात काय, बाटलीत काही नव्हतं.

जे होतं ते आपल्या राहणीत होतं. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून मी दिवसभराची भूक त्या एका ताटात भागवायचो. बाटी, तुपाची धार, वर पापड, आणि लगेच गादीवर आडवा. घोरणं असं की भाभी म्हणते घरात ट्रॅक्टर पाळलाय. आणि चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडचा वैशाख तुला ठाऊक आहे. रात्री भिंतीसुद्धा भाजतात, गादी घामाने ओली होते, आणि मी आत कोरडा ठणठणीत. पहाटे चिडकली येते ती तहानलेली येते, हे माझं मलाच सुचलं आणि डॉक्टरांनी मान डोलावली तेव्हा मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं. मग जेवण हलकं केलं, बाटी सणापुरती, पापड पाहुण्यापुरता. पापड सोडलेला मारवाडी बघून चुडामण म्हणाला, "बठ्ठं सोडी दिधं, मंग जगानं कसाले?" सगळंच सोडलं तर जगायचं कशाला, हा त्याचा सवाल. सकाळी जुन्या रेल्वेफाटकापर्यंत चालायला लागलो, पोट उतरलं. झोपताना घोरण्यावरचं, श्वास चालू ठेवणारं यंत्र नाकावर लावतो, त्यात मी अगदी हत्ती दिसतो. पण चौविहार सोडायला मन धजेना. इतक्या वर्षांचा नेम!

आता अर्धी राहिलेली कथा. गेल्या पर्युषणात मला चक्कर आली असं तुला सांगितलं होतं. चक्कर नव्हती. मी बेला केला होता, लागोपाठ दोन उपवास. उपवासात गोळी कशी घ्यायची? गोळी म्हणजे तोंडात काहीतरी घालणंच, पचखाण, म्हणजे घेतलेला नेमच मोडेल. म्हणून गोळ्या डबीतच ठेवल्या. दुसऱ्या संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमणाच्या पाठाला बसलो आणि हातातली माळ गळून पडली. उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. नवकार म्हणायला गेलो तर जिभेवर नुसता चिखल. जो मंत्र बोलायला शिकण्याआधीपासून येतो, तो मला येईना! त्या क्षणी मला बापूजी दिसले. पाठीला लोड लावून बसवलेले, तोंड एका बाजूला गेलेलं, आणि तू परकरी पोर त्यांना मुगाचं पाणी चमच्याने भरवते आहेस, निम्मं त्यांच्या हनुवटीवरून ओघळतंय, ते तू पदर नसल्याने आपल्या परकराने पुसते आहेस. मी फार घाबरलो, तारा. मरणाला नाही, त्या चमच्याला. गाडीने जळगावला नेईपर्यंत हात आणि जीभ परत आली. डॉक्टर म्हणाले, नशीब, हा नुसता इशारा होता. गोळी का बंद केलीत? मी म्हणालो, उपवास होता.

बरा झाल्यावर चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी महासतीजींच्या दर्शनाला गेलो आणि प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी विचारलं, उपवासाचं पचखाण कसं घेतलंत ते म्हणा. मी घडाघडा म्हटलं. शेवटाला जे येतं ना, सव्वसमाहिवत्तियागारेणं, तिथे त्यांनी थांबवलं. विचारलं, या शब्दाचा अर्थ? घड्याळं उघडली, गोळ्या फोडल्या, आणि जन्मभर जिभेवर असलेला हा एक शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, श्रावकजी, हा आगार आहे. व्रतात आधीच ठेवलेली सूट. दुखण्याने चित्ताची समाधी जात असेल तर औषध घेतल्याने हे पचखाण मोडत नाही. देणाऱ्यांनी दार ठेवलं होतं, तुम्ही भिंत समजून डोकं आपटलंत. मग त्यांनीच माझा चौविहार सोडवून मला तिविहार दिला, रात्री उकळलेलं पाणी चालेल असा. उशाशी तांब्या आला. तेव्हापासून चिडकली कधीतरी येते, बसते, जाते. गोळी मात्र आता पर्युषणातसुद्धा चुकणार नाही. या वर्षी तप करायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. मी नुसती नवकारसी करतो, सूर्योदयानंतर दोन घटका तोंडात काही घालत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांची अनुमोदना करतो.

आणि आता ते, ज्यासाठी मी कागद घेतला. राखीच्या दिवशी तू मला घ्यायला खाली आली होतीस. पाचव्या गल्लीतला तुमचा तो उभा जिना चढताना तू मध्यावर थांबलीस, कठड्याला धरलंस आणि हसत म्हणालीस, "भाईजी, दोन मिनिटं थांबा, चिडकली उडू दे." तुझ्या ध्यानातही नसेल. मला मात्र पुढची पायरी दिसेना. राखी बांधून झाल्यावर मी तुझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, तुला वाटलं म्हातारा हळवा झालाय. माझी बोटं तुझ्या नाडीवर होती. दोन ठोके घाईने, एक उशिरा, एक गायब. घर माणसांनी भरलं होतं, पत्रिका वाटल्या जात होत्या, सगळे तुझ्या तपाचं कौतुक करत होते, म्हणून मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. अनुजलाही सांगितलेलं नाही. तुझा मुलगा असला तरी काळीज तुझं आहे, त्याची बातमी आधी तुला. माझी बोटं कापड ओळखणारी, ती चुकलेली असोत, मला फार आनंद होईल. पण आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याआधी उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जाऊन पट्टी काढ. राखी बांधायला जेवढा वेळ लागला तेवढाही लागत नाही. पट्टी सरळ आली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर तुझ्या पारण्याला मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा मी भरवीन. वाकडी आली तर महासतीजींसमोर मी तुझ्या शेजारी बसेन, आणि त्या शब्दाचा अर्थ तुला त्यांच्याच तोंडून ऐकवीन. पत्रिका छापल्या म्हणून लाजू नकोस, पाहुण्यांना मी एकेकाला सांगेन. चमचा तुझ्या हातात मी पाहिला आहे, तारा. तो तुझ्यासाठी दुसऱ्या कुणाच्या हातात बघायची माझी तयारी नाही.

पट्टी काढलीस की मला फोन कर. तेव्हा खुशाल स्पीकरवर टाक.

तुझाच,
जवरीभाईजी