दिवसा झोपणाऱ्या माणसाची खिडकी

माय, तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. तुझे जावई एसटीवर ड्रायव्हर आहेत. रात्रीची गाडी नेतात, सकाळी घरी येतात आणि दिवसा झोपतात. आपले बाबा गोदामावर रात्रीची राखण करायचे, तसंच. रिसोडात आमचं घर मार्केटच्या मागे आहे आणि झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट पलंगावर येतं. घरात दोन मांजरी आहेत, मीच आणलेल्या. कापडी पडदे लावले तर त्या वर चढल्या आणि महिन्याभरात पडद्यांच्या चिंध्या झाल्या. मग मी मोबाइलवर पाहून पट्ट्यापट्ट्यांचं, दोरीनं ओढायचं ब्लाइंड मागवलं. बाहेर खार दिसली की मांजरी पट्ट्यांत डोकं घालायच्या. पट्ट्या वाकल्या, आणि वाकल्या तिथून ऊन पुन्हा आत.

एका सकाळी हे आले आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात बसले. चहा समोर निवत होता. "केनवडच्या अलीकडं डोळा लागला मले," हे म्हणाले. "कंडक्टरनं हाक मारली म्हणून. गाडी रस्त्याच्या खाली उतरली होती. मागं लोकं झोपून होते, लेकरं होते." मी चहा पुन्हा गरम करायला ठेवला. "मले दिवसा अंधार पायजे. नाही त या मांजरी कुठं तरी सोड." इतकंच बोलून हे आत गेले. त्या दिवसापासून मी घरात पाय न वाजवता चालायला लागले, भांडं ठेवताना खाली फडकं घालायला लागले. आणि तू आठवलीस. आपल्या खिडकीला तू बारदाना शिवून लावला होतास. मी सागरगोटे खेळताना हसले, तर तू मला दंडाला धरून अंगणात आणलंस. "माणूस झोपला हाये. त्याची झोप मोडली त घर मोडते, समजलं?" तुझी बोटं दंडावर उमटली होती. तू कठोर आहेस असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले. तुला भीती वाटत असेल, हे मनातही आलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. मी मागे कपडे वाळत घालते आहे. खोलीतून पट्ट्यांचा खडखडाट येतो. नेहमीचंच, म्हणून मी दात आवळून उभी राहते. आत गेले तर यांची झोप मोडेल. मग खडखडाट एकदम थांबतो. ती शांतता मला सोसवत नाही. मी आत जाते तर धाकटी मांजर खिडकीत दोरीला लटकलेली, दोरी मानेला आणि एका पायाला आवळलेली. हे बनियनवर उभे, दोन्ही हातांनी तिला खालून उचलून धरलेलं. ती छातीवर नखं मारते आहे, बनियन लाल होतं आहे. "कात्री आण," हे हळू म्हणाले. "धावू नको." दोरी इतकी रुतली होती की कात्रीचं टोक घालायला जागा सापडेना. माझी नजर यांच्या छातीवरच्या रक्ताकडेच जात होती. "माह्याकडं पाहू नको. दोरीकडं पाह्य." कापली. ती खाली पडली, थोडा वेळ तशीच राहिली, मग खोकली आणि पलंगाखाली शिरली.

यांच्या छातीला हळद लावताना मीच म्हणाले, "सोडून देऊ त्यायले मार्केटात." यांच्या तोंडून तेच ऐकायची मनाची तयारी मी करून ठेवली होती. "कायले?" हे म्हणाले. "दोरी तिनं लावली होती काय?" मग डेपोत फोन केला आणि आज झोप झाली नाही, गाडी नेत नाही, असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणी ऐकली. पण हे हो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पडद्यांच्या दुकानात गेलो. यावेळी मी आधीच सांगितलं, घरात मांजरी आहेत. दुकानदार चाचा म्हणाले, "मग दोरीचा माल नकोच, बेटा. स्प्रिंगवाला घ्या, हातानं खाली ओढाचा." त्यांनी कापडाचे तीन तुकडे दिले. घरी येऊन यांनी ते फळीला ठोकले आणि मांजरींपुढे ठेवले. तागाचा तुकडा संध्याकाळपर्यंत विस्कटला. दुसऱ्याचे धागे निघाले. तिसरं कापड जाड, रबरासारखा गुळगुळीत लेप दिलेलं. त्यावर नखं नुसती घसरत होती. तेच घेतलं. कडेनं ऊन येऊ नये म्हणून चौकटीला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या बसवल्या. मांजरींना बाहेर पाहायला स्वयंपाकघराच्या खिडकीत फळी ठोकून दिली. चार महिने झाले, ब्लाइंडला ओरखडा नाही.

आता हे गाढ झोपतात, माय. खोलीत इतका अंधार असतो की छाती हलताना दिसत नाही. म्हणून मी भाजी चिरता चिरता उठते, आत जाते आणि यांच्या नाकापुढे हात धरते. रोज. काल डोळे न उघडताच हे म्हणाले, "जित्ता हावो मी. जा."

मी म्हटलं, मांजर पाहायला आले होते.