कॅप्टन बर्डिकची कांबळी

मी आसाहेल बर्डिक, वय सदुसष्ट, व्हरमॉन्ट राज्यातील हार्लन फॉल्स गावचा रहिवासी, कांबळ्यांच्या गिरणीचा मालक, पूर्वी पायदळात कॅप्टन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट माझी मुलगी हल्डा दोनदा म्हणाली की हे सगळे कागदावर कशाला. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. नदीकाठचे राहते घर सामानासह हल्डाला. तिच्या आईची खुर्ची मात्र खिडकीपासून हलवू नये. लोवायना त्या खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायची की गिरणीतला कोणता माग बिघडला आहे. तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही.

दोन. गिरणी, माग, रंगाच्या कढया आणि नदीच्या पाण्याचा हक्क हल्डा आणि डेनिस लूबी यांना निम्मा-निम्मा. लूबी माझ्या तुकडीत सार्जंट होता आणि नंतर एकतीस वर्षे गिरणीचा मुकादम. १८६५ साली गिरणीसाठी आम्ही जुनी पिठाची चक्की घेतली, तेव्हा तिचे अर्धे छप्पर उडालेले होते. मागावरून पहिले कांबळे उतरले ते एका बाजूला वीतभर लांब. मी तोंड पाडून बघत राहिलो. लूबी म्हणाला, "कॅप्टनसाहेब, काळजी कशाला करता? एखादं लंगडं गिऱ्हाईक शोधू." ते कांबळे लोवायनाने कधी विकू दिले नाही. बर्फ तुडवत कामावर यायचे, शेगडीवर कॉफी उकळत असायची, ओल्या लोकरीचा वास सगळीकडे भरलेला. नंतर गिरणी चौपट झाली, पण त्या पहिल्या हिवाळ्याचे सुख पुन्हा लाभले नाही.

माझी अट एकच. प्रत्येक गठ्ठ्यातले एक कांबळे चोवीस तास नदीत बुडवून, दोघांनी दोन टोकांना धरून ओढावे. फाटले तर अख्खा गठ्ठा बाद. या अटीमागचे कारण गावाला अर्धेच ठाऊक आहे.

तीन. डोंगरावरचे आमच्या वडिलांचे शेत, मेंढवाडा आणि मेपलची झाडे माझा थोरला भाऊ ऑरिन बर्डिक यास. हे वाचून गाव चकित होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

यादवी युद्धात, १८६२च्या डिसेंबरात, व्हर्जिनियातल्या हिवाळी तळावर, माझ्या तुकडीला नवी कांबळी आली. ती ऑरिनच्या गिरणीची होती. जुन्या चिंध्या पिंजून, खळ लावून दाबलेली. तिसऱ्या पावसात त्यांचा लगदा झाला. फेब्रुवारी संपेपर्यंत माझी अकरा माणसे छातीत थंडी भरून गेली. एकालाही गोळी लागली नव्हती. सगळी आमच्याच खोऱ्यातली. त्यांच्या आयांना मी पत्रे लिहिली की तुमचा मुलगा तापाने, शांतपणे गेला.

युद्ध संपल्यावर मी घरीही न जाता ऑरिनच्या गिरणीत गेलो आणि कामगारांदेखत म्हणालो, "माझी अकरा माणसं तू मारलीस." तो एवढेच म्हणाला, "आसाहेल, घरी जा." त्यानंतर आमचे बोलणे तुटले. नदीच्या एका काठाला तो, दुसऱ्या काठाला मी. गाव माझ्या बाजूचे झाले. पुढे त्याची गिरणी बसली, शेत विकावे लागले. ते मीच घेतले, आणि घेताना मला बरे वाटले, हेही इथे लिहून ठेवतो.

जे कोणाला सांगितले नाही ते असे. ते गठ्ठे तपासून घेण्याचे काम माझे होते. वर भावाचा शिक्का पाहिला, घरची आठवण आली, आणि एकही गठ्ठा न उघडता मी पावतीवर सही केली.

यंदा ऑक्टोबरात ऑरिनच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन मी त्याला हे सांगितले. तो शेगडीपाशी बटाटे सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"ठाऊक आहे मला. ती पावती माझ्याकडेच आली होती."

"मग कोणाला दाखवली का नाहीस?"

"आईला तुझ्या कॅप्टनकीचं फार कौतुक होतं." मग म्हणाला, "आणि खरं सांगू? तुझी सही बघितली की मला झोप लागायची. वाटायचं, एकट्यानं नाही केलं."

त्याने दुसरी सुरी काढून माझ्या हातात दिली. बटाटे सोलता सोलता आम्ही लहानपणीच्या मेंढ्या धुण्याबद्दल बोललो. मे महिन्यात ओढ्याचे बर्फ वितळलेले पाणी हाडे गोठवायचे. एकदा एडक्याने ऑरिनला थेट पुलापर्यंत ओढत नेले होते, आणि त्याने शिंगे सोडली नव्हती. हे सांगताना तो खोकला येईपर्यंत हसला. शेत त्याचे आहे. तो माझ्याआधी गेला तर त्याला तिथेच, आईशेजारी पुरावे.

चार. माझी तलवार लूबीला. तो म्हणतो, या तलवारीने कोबी कापीन; खुशाल कापावा. माझ्या थडग्यावर 'कॅप्टन' हा शब्द नको. नाव आणि दोन साले पुरेत.

पाच. त्या अकरांपैकी सात घरांत अजून कोणी ना कोणी हयात आहे. खरी हकीकत सांगणारी सात पत्रे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. माझ्या मृत्यूनंतर हल्डाने ती टपालात टाकावीत.

वरील पाचवे कलम मी स्वतः खोडले असून समासात माझी आद्याक्षरे आहेत. मसुदा वाचून हल्डाने विचारले, "बाबा, तुम्ही गेल्यावर त्यांनी उत्तर कोणाला लिहायचं?" सहा पत्रे आज सकाळी मीच टपालात टाकली. सातवे ठेवून घेतले आहे. श्रीमती टॅबिथा क्रो अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना आता अक्षर दिसत नाही. गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन ते मलाच वाचून दाखवायचे आहे.

सही: आसाहेल बर्डिक

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आम्ही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळालेले नाही.

जोटम पेक, डॉक्टर
मर्सी हॉब्ज, शिक्षिका

हार्लन फॉल्स, मंगळवार, १७ नोव्हेंबर १८९६