मांडलिकाकडे कोण जाऊन आलं?

आबा,

त्या रविवारी सकाळी तुम्ही अंघोळीला मोरीत गेलात आणि तेवढ्यात मी घाटावरचं राज्य गिळलं. कॉम्प्युटरच्या खेळातलं. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत टेबलावर तो जुना, फुगलेल्या काचेचा कॉम्प्युटर होता. त्याने इंग्रजीत विचारलं, हे राज्य तुमच्या राज्यात विलीन करायचं का? मी हो म्हटलं. नकाशावरचा त्याचा पिवळा रंग गेला आणि माझा निळा आला. तुम्ही पंच्याने मान पुसत बाहेर आलात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी एका डोळ्यावर होती आणि दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे तुम्हाला पडद्यावर नुसता उजेड दिसायचा. तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "तो घाटावरला बरा हाय ना रे?" मी म्हटलं, "बरा आहे." तुम्ही खाटेवर बसलात आणि समाधानाने चहा मागितलात.

चूक माझीच. डोळ्याला महाडला दाखवणं सोपं पडावं म्हणून तुम्हाला गावाहून खाली आणलं होतं. मी कंपनीत शिफ्टला जायचो, तुम्ही दिवसभर एकटे. सुटीच्या दिवशी मी खेळायला बसलो की तुम्ही विचारायचात, "काय चाललंय?" एकदा नीट समजावून सांगितलं की गप्प बसाल असं मला वाटलं. म्हणून सांगितलं. एक राज्य आपलं असतं. आजूबाजूच्या राजांना लढून जिंकता येतं, पण मग बाकीचे राजे बिथरतात आणि आपल्याविरुद्ध एक होतात. त्यापेक्षा त्यांना मांडलिक करावं. त्यांनी खंडणी द्यायची, आपण बोलावू तेव्हा फौज घेऊन यायचं, आपण त्यांचं रक्षण करायचं. मधूनमधून वकील पाठवायचा, भेट द्यायची, नात्याचा आकडा चढता ठेवायचा. आणि दहा वर्षं झाली की, म्हणजे आपले दोन-तीन तास, त्याला गोडीगुलाबीने आपल्यात मिळवून टाकायचं. लढाई नाही, बोभाटा नाही. कारखान्यातले माझे जोडीदार धडाधड फौजा पाठवायचे आणि हरायचे. मी तहावर राज्य वाढवायचो. मला त्याचा भारी अभिमान होता.

तुम्ही गप्प बसला नाहीत. तुम्ही माझ्या तीन मांडलिक राजांची काळजी घ्यायला लागलात.

"यंदा त्या खाडीवरल्याकडं कोण जाऊन आला?"

"वकील पाठवला की."

"वकील नाय रे. तू. तू गेलतास?"

"आबा, राजा जात नसतो. बटण असतं. दाबलं की भेट पोचते."

"म्हंजे नुसतं टाकून यायचं. घोटभर पानी तरी प्याला का तुझा मानूस तिथं?"

मी कपाळाला हात लावायचो. शेजारच्या खोलीतला माझा जोडीदार भिंतीपलीकडून हसायचा. जेवतानासुद्धा तुमचं तेच. "लढाईला हाक मारलीस, बरं. पन त्याच्याकडं काय कार्य असलं तर तू जातोस का?" खेळात कार्यं नसतात, आबा, असं मी किती वेळा सांगितलं असेल! एकदा खाडीवरच्याला मी लागोपाठ तीन लढायांना ओढलं आणि तो उलटला. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "बरं झालं! इचारत नाय, पुसत नाय, आनि हाक तेवढी मारतो." मी चिडून आधी साठवून ठेवलेला डाव पुन्हा उघडला आणि ते वर्ष नव्याने सुरू केलं. तुम्हाला ते समजल्यावर तुम्ही चमच्याने औषध घेता घेता थांबलात.

"घडलेलं मागं नेतोस?"

"खेळ आहे, आबा!"

"मंग खेळ," म्हणालात, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. एका खेळातल्या राजासाठी!

मला तेव्हा तुमच्या वर्मावर बोट ठेवायचं होतं. मी म्हटलं, "मला शिकवता, पण तुमची जत्रा काय वेगळी आहे? वरच्या वाडीची माणसं त्यांच्या देवाची उंच काठी नाचवत आणतात, ती आपल्या देवळासमोर लवते, मग तुम्ही नारळ देता. न लवता दिला असता का? मांडलिकच ते आपले." तुम्ही मानकरी. आपल्या गावाचा पहिला नारळ तुमच्या हातचा. मला वाटलं, आता चिडाल. तुम्ही पट्टीखालचं पाणी फडक्याने टिपलंत आणि म्हणालात, "तू देवळाकडनं बगतोस. आदल्या दिशी माझ्याबरोबर वर ये, मंग बोल." मी म्हटलं, "शिफ्ट असते." विषय तिथेच संपला, आणि घाटावरचं राज्य गेलं हे मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गावी गेल्यावरही तुम्ही दोनदा त्याची खुशाली विचारलीत.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही वारलात. मुलगा म्हणून मानकरीपण माझ्याकडे आलं. चैत्रातल्या पहिल्याच जत्रेला मी सगळं रीतसर केलं. देवळाला रंग, ढोल-सनईचा खालूबाजा, पालखीला नवी वस्त्रं. वरच्या वाडीत तेव्हा एकाच घरी फोन होता. आदल्या दिवशी मी फोन लावला आणि म्हटलं, उद्या काठी घेऊन या. पलीकडून "बरं" एवढं ऐकू आलं. मी देवळासमोर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभा राहिलो. काठी आली नाही. एक माणूस आला नाही.

मी भडकलो. पुढच्या वर्षी मी विचारलंसुद्धा नाही. गावकीच्या बैठकीत माझ्या हाताने ठराव लिहिला की वरच्या वाडीच्या काठीचा मान रद्द, तिच्या जागी गावच दुसरी काठी उभी करील. सगळ्यांनी माना डोलावल्या. गावच्याच पोरांनी ती दुसरी काठी नाचवली, देवळासमोर लववली, आणि मी गावच्याच माणसाच्या हातात नारळ दिला. खेळात जे केलं तेच केलं, फक्त कॉम्प्युटरशिवाय. त्यानंतर वाडीवाल्यांनी आपल्या देवळाची पायरी सोडली. त्यांच्या लेकी आपल्या गावात दिलेल्या आहेत. त्या जत्रेच्या दिवशी दाराआडून पालखी बघायच्या, ओवाळायला बाहेर येत नव्हत्या.

मग किती वर्षांनी आई भाकरी थापता थापता बोलली. "फोनवर बोलीवलंस व्हय? अरे, ते आदल्या दिशी अनवानी वर जायचं. वेशीवर हुबं ऱ्हायचं. आत या म्हनल्याबगर पाऊल नाय टाकायचं. मग त्यांच्या देवापुढं आपलं डोकं पयलं टेकायचं. तवा कुठं दुसऱ्या दिशी त्यांची काठी आपल्याकडं लवायची. तुला ठावं नव्हतं?"

नव्हतं ठाऊक! आबा, सहा आठवडे माझ्या खोलीत बसलात. घाटावरल्याची, खाडीवरल्याची खुशाली विचारून माझं डोकं खाल्लंत. त्यांच्या घरच्या पाण्याची, कार्याची चौकशी केलीत. मग हे एक वाक्य सांगायला तुमची जीभ का अडली? वर ये, मग बोल! मी आलो नाही, तर तुम्ही बोललाच नाहीत. मानकरीपण असं द्यायचं असतं? मला जत्रेचा उजेडातला अर्धा भाग दिसला आणि त्यालाच मी सगळं समजलो. पूर्वी मी ह्यावर रात्रंदिवस चडफडायचो. आता थोडं कमी झालंय, कारण तुम्ही सांगितलं असतंत तरी मी त्या दिवशी पडद्याकडेच बघत राहिलो असतो, हे मला माहीत आहे.

आईने सांगितल्यावर लगेच गेलो असं समजू नका. आणखी आठ वर्षं गेली. रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो, सगळं बोलतो, हा एक विषय कधी काढला नाही. यंदा गेलो, तोही पश्चात्तापाने म्हणावा तर तसं नाही. गाव मुंबईला गेलंय. गेल्या वर्षी पालखीला चार खांदे मिळाले आणि बदलीला पाचवा नव्हता. खांदेकऱ्यांतल्या एकाची कंबर धरली, पालखी देवळाच्या पायरीवर टेकवावी लागली. मला माणसं हवी होती, आबा. राजा मांडलिकाला आठवतो तो त्याच्या फौजेसाठीच.

वाडीपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. चैत्रातलं डांबर, आणि मी अनवाणी. वेशीवर पोचलो तेव्हा उभं राहवत नव्हतं. तुमच्याबरोबर बसणारे वाडीचे मानकरी अजून आहेत, पार वाकलेत. ते ओट्यावरून बघत राहिले. त्यांनी मला ओळखलं होतं, तरी विचारलं, "कोन रे?"

मी तुमचं नाव सांगून म्हटलं, त्यांचा मुलगा.

"फोन बिघडला काय तुझा?"

ओट्यावरची माणसं हसली. मी पाय आलटून पालटून उचलत उभा. त्यांनी आतून पाणी मागवलं, स्वतः सावकाश प्यायले, मग म्हणाले, "ये आत." मी त्यांच्या देवापुढे डोकं टेकलं. उठलो तर ते म्हणाले, "काठी येल. मानसं येतील. पन लवनार नाय. तो मान तू मोडलास."

गावकीला न विचारता असं काही कबूल करायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, "नका लववू."

काठी आली, माणसं आली, पालखी खाली टेकली नाही. काठी देवळासमोर ताठ उभी राहिली, बाजा थांबला, सगळे वाट बघत राहिले, आणि मी पुढे होऊन नारळ दिला. नंतर गावातले विचारायला लागले, काठी का लवली नाही? मी म्हटलं, वारा फार होता. महिनाभर मी वाऱ्यावर ढकलत होतो.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. पण काल गावकीची बैठक होती. वाऱ्याचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं की शब्द मी दिला होता, एकट्याने, न विचारता. गोंधळ झाला. एक जण ओरडला, "मान काय तुझ्या घरचा हाय?" मी म्हटलं, "नाही." मानकरी बदलायचा का, ते पुढच्या बैठकीत ठरवणार आहेत. ठरवू देत. तोवर ठरावांची वही माझ्याचकडे होती. मी जुना ठराव काढला, त्यावर सगळ्यांसमोर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की वरच्या वाडीची काठी येईल, ताठ उभी राहील, आणि तिला बोलवायला मानकऱ्याने चालत जावं.